दांडीवरचा कुंकवाचा ठिपका

आजही कोणी रस्त्यात भेटून "काय वं, भरली दिसून राहिली!" म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणणारी बाई बिचारी चांगल्या मनानं म्हणते, ते मला कळतं. आमच्या भागात बाई भरली म्हणजे सुखात आहे, खाऊनपिऊन आहे, नवरा बरा आहे. आणि लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली असली तर त्याच शब्दात एक प्रश्नही असतो. तो प्रश्न मी इतकी वर्षं ऐकला की आता सत्तरीलासुद्धा मी पटकन पदर सारखा करते. सवय, दुसरं काय!

माझं माहेर बोदलकशाच्या बाजूचं. बापाच्या घराण्यानं तलाव बांधले, त्या तलावांवर धान पिकवलं. माणसांनी भरलेलं घर होतं. एकटीनं जेवायला बसायचं कसं हेच मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं. आणि लग्न झालं ते रेल्वेतल्या मालबाबूशी. सालेकशाच्या पुढे ऐन जंगलात एक लहानसं स्टेशन होतं, तिथं त्यांची बदली. दोन क्वार्टरं. एकात आम्ही, दुसऱ्यात स्टेशनमास्तर. मास्तर बंगाली, बायकोमुलं त्यांच्या मुलखात. हमाल-खलाशी संध्याकाळी आपापल्या पाड्यांवर निघून जायचे. त्यांच्या बायका हाटाच्या दिवशी मोहफुलं घेऊन यायच्या, माझ्याकडे बघून हसायच्या, आपसात गोंडीत काही बोलायच्या आणि जायच्या. बस.

नवरा वाईट नव्हता. पण बोलायचा नाही. सकाळी "येतो", दुपारी "वाढ", रात्री "निजतो". मी भडभड बोलणारी. सुरुवातीला मी पुष्कळ बडबडले. मग मी चुलीशी बोलायला लागले, वांग्याशी बोलायला लागले. मेल गाडी न थांबता धडधडत जायची तेव्हा मी मागच्या दाराशी उभी राहायचे, एखाद्या खिडकीतली बाई माझ्याकडे बघेल म्हणून. एखादी बघायचीही. तेवढ्यावर माझा दिवस जायचा, खोटं कशाला सांगू!

त्या स्टेशनात माझ्या जीवाची एकच वस्तू होती, ती म्हणजे मालाचा काटा. लोखंडी पाट असलेला, माणूस उभा राहील एवढा मोठा. वर आडवी दांडी, दांडीवर खाचा, आणि खाचांवरून सरकणारं पितळेचं वजन. लाख, हिरडा, मोहफुलांची पोती त्यावर मोजली जायची. मी नवी नवी आले तेव्हा नवऱ्यानं एकदा मला त्यावर उभं केलं होतं. दांडी स्थिर झाल्यावर म्हणाले, "मोहाच्या पोत्याएवढी पण नाईस तू." दोन वर्षांत त्यांनी केलेली ती एकच थट्टा. म्हणून मला तो काटा आवडायचा.

दुसऱ्या दसऱ्याला सासूबाई आल्या. त्यांचं गाव भंडाऱ्याकडे, तिकडच्या बायकाही 'करतो, जातो' असंच म्हणतात. स्वभावानं दुष्ट नव्हत्या, पण जे पोटात ते ओठात. आल्या आल्या माझा दंड चिमटीत धरून म्हणाल्या, "हे काय वं? सुकून राहिली. सुकल्या अंगात लेकरू राहते का कधी? खाय-पे, भर जराशी." आणि निघताना लेकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वैशाखातल्या आखाजीपर्यंत वाट पाहतो. नाई तं माह्या भावाची पोरगी आहे लग्नाची. दोघी राहान, सोबत होईल." सोबत! मला सोबत हवीच होती, पण असली?

नवरा त्यांची पिशवी उचलून गाडीकडं निघाला. तो कधी बोलायचा!

त्याच दिवशी स्टेशनात काट्याची पूजा झाली. दसऱ्याला सगळ्या हत्यारांची होते, तशी काट्याची. झेंडूची माळ, हळद, कुंकू. पूजा आटोपून सगळे सोनं वाटायला गेले आणि मी एकटी मागं राहिले. चपला काढून पाटावर उभी राहिले. दांडी सारखी होईपर्यंत वजन सरकवलं आणि ते जिथं थांबलं तिथं दांडीवर कुंकवाचा एक ठिपका लावला. पूजेची बोटं दांडीभर उमटलेली होती, त्यात माझा ठिपका कोणाला कळणार? मनात म्हटलं, आता या ठिपक्याच्या पुढं जायचं. मूल पोटात आलं की बाई भरते, वजन वाढतं, एवढं मला ठाऊक होतं. काटा मला सगळ्यांच्या आधी सांगेल.

आणि त्यानं सांगितलं की! तीन आठवडे झाले नसतील. सकाळी बांगड्या हाताला रुतायला लागल्या. जोडवी पायाच्या बोटात गच्च बसली, संध्याकाळी त्यांच्या खाली वळ उमटायचे. पोटरीला बोट लावलं तर जड लागायची. दुपारी मालाची खोली रिकामी होती तेव्हा मी काट्यावर चढले. वजन ठिपक्याच्या पुढं गेलं. चांगलं दीड-दोन शेर पुढं! बाप्पा! मी तिथल्या तिथं त्या पोत्यांसमोर हात जोडले.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. लाजत नाही, काही नाही, सरळ सांगितलं, "मी भरून राहिली. काट्यावर पाहिलं." त्यांचा घास हातात राहिला. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं त्यांनी गोंदियाहून पेढे मागवले. देवापुढं ठेवले, मला एक दिला, आणि चक्क चार वाक्यं बोलले. थंडी पडेल, अंगावर घे. पाणी ओढू नको, हमाल आणून देईल. असं.

तीन दिवसांनी मी बाहेर बसले.

त्या काळी बाई महिन्याचे चार दिवस बाहेर बसायची. मागच्या ओसरीत वेगळं पांघरूण, वेगळं ताट. चुलीला शिवायचं नाही, माणसाला शिवायचं नाही, आणि पूजेच्या वस्तूला तर सावलीही लागू द्यायची नाही. भरल्या घरात ते चार दिवस आरामाचे असतात. बायकामुली येतात, दुरून गप्पा मारतात, आयतं ताट येतं. जंगलातल्या त्या क्वार्टरात ते दिवस म्हणजे कैद होती. नवरा भात शिजवायचा, ताट दुरून सरकवायचा आणि ड्युटीवर जायचा. मी भिंतीला टेकून समोर बघत राहायचे. समोर रूळ, रुळांपलीकडं एक मोहाचं झाड, त्याच्यामागं जंगल.

त्या पहिल्या वेळी त्यांनी ताट सरकवलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "गेलं." ते उभे राहिले. मग आत गेले.

चार दिवसांनी न्हाऊन मी पुन्हा काट्यावर चढले. वजन मुकाट्यानं ठिपक्यावर येऊन थांबलं. म्हणजे होतं तर. दीड-दोन शेराचं का होईना, माझं काहीतरी होतं, आणि मी तिकडं ओसरीत बसलेली असताना ते गेलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. बांगड्या रुतल्या, वजन वाढलं, मी बाहेर बसले, वजन उतरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. बाहेर बसलेल्या बाईनं पूजेच्या काट्याला शिवायचं नाही, म्हणून मधलं मला कधी दिसलंच नाही. मला फक्त आधीचं आणि नंतरचं दिसायचं. येताना भरलेली आणि जाताना रिकामी. मला वाटायचं, दर महिन्याला माझं एक मूल येतं आणि दर महिन्याला जातं. माझ्यातच काही खोट आहे, ते राहत नाही. मी ओसरीत बसून त्यांच्यासाठी रडायचे. प्रत्येकासाठी वेगळी रडायचे. हे मी कोणाला सांगणार होते? नवऱ्याला पुन्हा सांगितलं नाही. पेढ्यांचा कागद अजून फडताळात होता.

त्या दिवसांत एक गोष्ट मला फार खुपायची. मी बाहेर बसले की नवरा एका दिवशी वाटीत दूधभात कालवायचा, रूळ ओलांडायचा आणि मोहाच्या झाडाखाली जायचा. मला वाटलं, तिकडं कुत्रं पाळलंय. लांबून दिसायचे ते वाकलेले, ओठ हलत असलेले. वा रे वा! बायको इथं भिंतीशी बोलते, आणि ह्यांना कुत्र्याशी बोलायला शब्द सापडतात. मला नुसत्या ताकाशी भात, कुत्र्याला दूधभात! मी त्या न पाहिलेल्या कुत्र्याला मनातून इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

माघात धान चुरून, मळून झालं आणि बापानं मला न्यायला माणूस पाठवला. माहेरी गेले आणि दोन दिवसांत पुन्हा बांगड्या रुतायला लागल्या. म्हटलं, हे इथंही आलं, आता इथंही जाणार. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, धुणं धुताना मी वहिनीसमोर भडाभडा रडले. माझी मोठी वहिनी, चार लेकरांची आई, तोंडानं फटकळ. मी तिला सगळं सांगितलं. काटा, ठिपका, गेलेली सगळी.

ती धुणं थांबवून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "एक सांग. बाहेर बसाले तुले एखाद्या महिन्यात उशीर झाला का? आठ दिवस, पंधरा दिवस?"

"नाई. एक दिवस नाई."

"मंग लेकरू कधी आलं नं कधी गेलं वं, येडी?" तिनं स्वतःचा पाय पाण्यातून वर काढला. जोडव्याखाली लाल वळ होता. "हे पाय. माहे दिवस जवळ आले. मलेही असंच होते, दर खेपेला. बांगडी काढाले जाशीन तं हात सोलून निघते. अंगात पाणी भरते आपल्या. मंग एकदा बाहेर बसलं का दोन दिवस सारखी लोटा घेऊन धावते मी, नं सारं उतरून जाते. पाणी आहे ते. कायले रडून राहिली?"

पाणी.

मला हसू यायला हवं होतं. वहिनी हसलीच. मी मात्र त्या पारीवर आणखी जोरानं रडायला लागले. आतापर्यंत माझी निदान गेलेली मुलं तरी होती. त्या ओसरीत मी एकटी नसायचे, मी त्यांच्यासोबत बसलेली असायचे. आता कळलं की कोणी आलंच नव्हतं. माझी ओसरी पहिल्यापासून रिकामीच होती. वहिनीला ते समजलं नाही. ती म्हणाली, "आता काऊन वं? चांगलं सांगितलं तरी रडते!"

परत गेले ती चिडूनच गेले. कोणावर चिडले ते सांगता येणार नाही, बहुतेक त्या काट्यावर. म्हटलं, आता तुझी परीक्षा घेते. सकाळी उठल्या उठल्या चढायचे, संध्याकाळी चढायचे. सकाळची मी हलकी, संध्याकाळची मी जड, आणि मधे काय झालं तर दोन वेळा जेवले, तांब्याभर पाणी प्यायले. बापानं बांधून दिलेली खारवलेली सुकी मासोळी रात्री पोटभर खाल्ली, वर लोणचं खाल्लं, रात्री-सकाळी घटाघट पाणी प्यायले, तर दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले आणि वजन ठिपक्याच्या पुढं. दोन दिवस साधी पेज प्यायले, वजन मागं. उन्हं तापली, अंगाला घामाच्या धारा लागल्या, तेव्हा दुपारची मी सकाळच्या माझ्यापेक्षाही हलकी भरले. मग माझ्या लक्षात आलं, काटा खोटं बोलत नव्हता. माझं वजन तो बरोबरच सांगत होता. वाढलेलं काय आहे, ते मात्र तो सांगू शकत नव्हता. लाख का हिरडा, हे पोतं उघडल्याशिवाय त्याला तरी कुठं कळायचं!

आणि एक गोष्ट मी केली, ती आजवर कोणाला सांगितली नव्हती. बाहेर बसले असताना, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी सगळे निजलेले बघून मी मालाच्या खोलीत गेले आणि त्या पूजेच्या काट्यावर उभी राहिले. देव कोपला नाही, काटा मोडला नाही. वाढलेलं वजन अर्धं उतरलेलं होतं. आदल्या दिवसापासून मी किती वेळा लोटा घेऊन झाडीत गेले, त्याचा हिशेब लागला. वहिनीचं खरं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, आणि सासूबाई आल्या. दुपारच्या पॅसेंजरनं उतरल्या, हातात पिशवी, डोक्यावर ऊन. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे दिवस जवळ आले होते. तोंड जरा सुजलेलं, मनगटावर बांगड्या रुतलेल्या.

"भरली वं!" त्यांचा चेहरा उजळला. "चाल, चढ काट्यावर. पाहू."

नवरा तिथंच होता. मी चढले. त्यानंच पितळेचं वजन हळूहळू सरकवलं. कुंकवाचा ठिपका फिका पडला होता, पण दिसत होता. वजन त्याच्यावरून पुढं गेलं आणि थांबलं. लेकानं होकारार्थी मान डोलावली तशी सासूबाईंनी तिथल्या तिथं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. "देव पावला! भावाले सांगून देतो आता का पोरगी दुसरीकडं पाहा."

एवढंच हवं होतं मला. गप्प राहिले असते तर निदान दोन महिने सुखाचे होते. पण माझं तोंड! आणि खरं सांगायचं तर ती रिकामी ओसरी मला पुन्हा कोणाच्या नावानं भरायची नव्हती. मी पाटावरून उतरले आणि म्हटलं, "सासूबाई, ते पाणी आहे. लेकरू नाई. दर महिन्याला चढते नं उतरते. काहीच नाई त्यात. पहिलेही कधी काही नव्हतं."

सासूबाई काही बोलायच्या आधी नवरा बोलला.

"काहीच नव्हतं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात अजून त्या पितळेच्या वजनावर होता.

"तू वजन मागं सारत नाईस काट्यावरून उतरल्यावर," ते म्हणाले. "जिथल्या तिथं राहते. मी रोज पाहतो. पुढं गेलं का मले कळते. मंग तू बाहेर बसते." त्यांनी वजन बोटानं ठिपक्यावर मागं आणलं. "मंग मी त्या झाडाखाली दूधभात कोणाले देऊन राहिलो होतो?"

कुत्रं नव्हतंच. लहान मूल गेलं की आमच्याकडे त्याच्या नावानं दूधभात ठेवतात. त्या माणसानं दर महिन्याला ठेवला होता. मी ओसरीत रडत होते आणि तो रुळांपलीकडे उभा राहून त्यांच्याशीच बोलत होता. एकाच घरात दोघं, एकाच दुःखाला, आणि दोघांनी एकमेकांना शब्द सांगितला नाही. मी त्याच्या कुत्र्याला शिव्या घालत बसले होते!

सासूबाई खाली पोत्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी चार दिवस राहतो. पाहतो पाणी का पोर." हट्टी होत्या. पण आवाजात पहिला जोर नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी बाहेर बसले. भिंतीला टेकून समोर बघत होते. रूळ, मोहाचं झाड. आतून भांड्याचा आवाज आला, दुधाचा वास आला. नवरा वाटी घेऊन मागच्या दारात आला. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मी पाय आखडून घेतले, त्यांना जायला वाट करून दिली.

ते रुळांकडं गेले नाहीत. माझ्यासमोर खाली बसले. वाटी त्यांनी सरकवली नाही, माझ्या हातात दिली. बोटाला बोटं लागली.

"तू खाय," ते म्हणाले.

"अरे, शिवला! आंघोळ कर!" सासूबाई उंबऱ्यातून ओरडल्या. ते उठले, टोपी घातली, आणि तसेच ड्युटीवर गेले.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं सासूबाई परत गेल्या. भावाच्या पोरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आम्हाला मूल पुढंही झालं नाही. दूधभातात साखर घालायची ते विसरले होते. मी तसाच खाल्ला, वाटी निपटून.